ताईच्या चित्रांची शुद्ध प्रत

५ मार्च

ताई आली ती चहाला नको म्हणतच आली. म्हणजे काम मोठं असणार. काखेत नाडीनं बांधलेला पुठ्ठ्याचा फोल्डर होता. तो ठेवण्याआधी तिनं माझं टेबल हातानं पुसून घेतलं. माझ्या टेबलाला हात लावायचा अधिकार मी आजवर कुणालाही दिलेला नाही, पण थोरल्या बहिणी अधिकार मागून घेत नाहीत.

आत चित्रं निघाली. पेन्सिलीची. खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसलेली आई. पान उलटलं, तर खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसलेली आई. आणखी उलटलं, तरी तेच.

"एवढ्या वेळा एकच चित्र का काढलंस?" मी विचारलं.

"एकच कुठंय?" ती म्हणाली.

ताईनं नोकरीत यंत्रांच्या सुट्या भागांची आरेखनं केली. आईजवळ राहायला हवं म्हणून ती नोकरी तिनं मुदतीआधी सोडली. मी इकडे, आई तिकडे ताईपाशी, अशी आमची वाटणी होती. ताई माणसांचीही चित्रं काढते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आई जाऊन आता वर्ष होत आलं, आणि त्या आठवड्यानंतर तिनं पेन्सिल उचललेली नाही. एका चित्रकला मंडळाच्या वेबसाइटवर नवख्या चित्रकारांना आपापलं पान मिळतं. तसं एक तिला मिळालंय. महिनाअखेरीला ते सगळ्यांना पाहता येईल.

"बक्षीसबिक्षीस काही नाही त्यात," ती म्हणाली. "मला नकोही आहे. ती वर्षं कशी होती ते कुणीतरी एकदा नीट बघावं, एवढंच."

मग माझ्याकडे का? तर माझ्याकडे स्कॅनर आहे. संस्थेत जुन्या पोथ्यांच्या वेगवेगळ्या प्रती शेजारी शेजारी ठेवायच्या, कुणी कुठे चुकीचं उतरवलंय ते शोधायचं आणि एक शुद्ध प्रत सिद्ध करायची, हा माझा पोटापाण्याचा धंदा. स्कॅनर त्यासाठी घरी आलेला.

"तू फक्त काचेवर ठेवायचं आणि बटण दाबायचं. पंडितगिरी करायची नाही. आहे तसं द्यायचं."

"आहे तसं म्हणजे नक्की कसं?"

"म्हणजे आहे तसं, पंडित."

ती गेल्यावर बायको म्हणाली, "तुम्हांला बरोबर ओळखून आहेत हो." यात कौतुक होतं की काय होतं, कळलं नाही.

७ मार्च

पहिलं चित्र काचेवर ठेवलं, बटण दाबलं. आमचं यंत्र पोथ्यांना सरावलेलं. त्याला खुर्चीच्या वेताच्या विणीत मजकूर दिसला आणि त्यानं मोठ्या निष्ठेनं ओळीच्या ओळी 'ठ' काढून दिल्या. आईचा चेहरा मात्र त्यानं अवाचनीय म्हणून सोडून दिला.

मजकुराची सोय बंद केली. आता चित्र उमटलं, पण राखाडी धुक्यात. कागद पांढरा दिसावा म्हणून उजेड वाढवला, तर कागद पांढरा झाला आणि आईचं नाक गेलं. उजेड कमी केला, तर नाक आलं आणि त्याच्यासोबत कागदावरचं जगातलं सगळं आलं: बोटांचे ठसे, कपाच्या बुडाचं वर्तुळ, एके ठिकाणी कसला तरी ओघळ, वाळलेला. औषधाचा असावा. आईच्या औषधाचा काय संबंध? तिला तर नुसता थकवा होता.

माझ्याच घरात, माझ्याच यंत्रापुढे दिवसभर बसून मी एकाही चित्राबद्दल 'हे झालं' असं म्हणू शकलो नाही.

१० मार्च

डाग काढायची युक्ती सापडली. डागावर बाण नेऊन टिचकी मारली की शेजारचा कोरा कागद त्यावर येऊन बसतो. फारच सोपं आहे. भीती वाटावी इतकं सोपं.

"अहो, तो डाग आहे की सावली?" बायकोनं मागून विचारलं.

"डाग."

"हनुवटीखाली बरोबर?"

मी टिचकी परत घेतली. पण मनातून पटलेलं नाही. सावली इतकी खोल कशाला असेल? आईची हनुवटी भरलेली होती.

१३ मार्च

आज सगळी चित्रं जमिनीवर मांडली आणि त्यांच्यात मधोमध उभा राहिलो. माझा गोंधळ आता नेमका सांगता येतो. या एकाच चित्राच्या अनेक नकला आहेत, पण त्या आपसांत जुळत नाहीत.

सरळसरळ दोन घराणी पडतात. एका घराण्यात आई ताठ बसलेली आहे, चष्मा लावलेली, मांडीवर ताट घेऊन शेंगा सोलणारी. दुसऱ्यात डावा खांदा उतरलेला, मान कललेली, ताट नाही, चष्मा नाही, तोंड थोडं उघडं. आणि दोन्हींच्या मध्ये, ना धड इकडची ना धड तिकडची अशी बरीच.

पोथ्यांत असं दिसलं की आम्ही विचारतो, मूळ कुठलं आणि बिघडलेलं कुठलं? फोल्डरातल्या क्रमावर विसंबून चालत नाही. पानं उंदीर विस्कटतात आणि उंदरांतून वाचली तर वारसदार विस्कटतात. तारीख एकाही चित्रावर नाही. म्हणजे निर्णय अंतर्गत पुराव्यावरच.

तर विचार असा. ताईचा हात यंत्रावर बसलेला. माणसाचा खांदा हा त्या हाताला नवा. सुरुवातीला तो चुकणारच: खांदा खाली जाणार, मान वाकडी होणार, हाताची बोटं नुसती रेघांवर भागवली जाणार. हळूहळू हात बसला, तशी आई ताठ होत गेली. शेवटी शेंगांपर्यंत पोचली. शेंगेतला दाणा न् दाणा वेगळा काढलाय. ही परिणत कला.

शिवाय एका चित्रात नुसती खुर्ची आहे. माणूसच नाही, आणि वीण मात्र निर्दोष. हे तर उघडच पहिलं. यंत्रवाली बाई, आधी खुर्ची जमवून घेतली, मग माणसाकडे वळली.

आणि या सगळ्यावर प्रत्यक्ष साक्षीदार मी स्वतः आहे. मी भेटीला जायचो तेव्हा आई अशीच असे. ताठ, केस विंचरलेले, चष्मा लावलेला. दर वेळी. ती गेली तेही अचानकच. आजारपण असं फार नव्हतंच. असतं, तरी आजारी माणसाची चित्रं कोण काढत बसतं?

इतका सुसंगत सिद्धांत मांडून झाल्यावर समाधान वाटायला हवं होतं. त्याऐवजी जमिनीवरच्या एवढ्या आयांतून पाय टाकत दारापर्यंत जाणं मला जमेना. बायकोला हाक मारून एक बाजू उचलायला लावली.

१४ मार्च

बायको म्हणते, "ताईंना एक फोन करा आणि विचारा की कुठलं आधीचं."

लेखकाला विचारून पाठ ठरवायचा, ही कल्पना मला नवीन आहे. माझ्या आजवरच्या लेखकांपैकी कुणीही फोन उचलायच्या परिस्थितीत नव्हता.

"ताई आहेत ना पण!"

"तिला विचारावं लागू नये म्हणूनच तिनं माझ्याकडे दिलंय."

"त्यांनी काचेवर ठेवून बटण दाबायला दिलंय," बायको म्हणाली आणि आत गेली. मग दारातून परत डोकावून म्हणाली, "मी एकदा तुम्हांला न सांगता गेले होते तिकडे. आठवड्यातल्या मधल्याच वारी. आठवतंय?"

आठवत होतं. घरी आल्यावर ती दोन दिवस गप्प होती. मी कारण विचारलं तेव्हा 'प्रवासानं' म्हणाली होती. आज त्याचा इथे काय संबंध, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारेपर्यंत ती गेलीसुद्धा. या घरातल्या बायका वाक्यं अर्धी ठेवतात आणि अर्ध्या वाक्यांचं संपादन मला शिकवलेलं नाही.

१८ मार्च

नवा पेच. खांदा उतरलेल्या घराण्यातल्या काही चित्रांत खालच्या कोपऱ्यातून एक हात येतो. नुसता हात, मनगटापासून पुढे. आईच्या हाताच्या कोपराखाली शिरलेला. त्याचा मालक चित्रात कुठेच नाही.

आईचे दोन्ही हात मोजून पाहिले, जागच्या जागी आहेत. तिसरा कुणाचा? काढलाय फार बारकाईनं, नखांसकट; किंबहुना त्या चित्रांतली तेवढी एकच गोष्ट बारकाईनं काढलेली आहे. पण चित्राच्या रचनेत तो बसत नाही, प्रत्येक वेळी कडेला कापला जातो, आणि ताठ घराण्यात त्याचा मागमूस नाही.

आमच्या धंद्यात मूळ कृतीत मागाहून घुसलेल्या ओळीला प्रक्षिप्त म्हणतात आणि ती कितीही सुंदर असली तरी मूळ मजकुरातून बाहेर काढतात. ताईनं हाताचा सराव कोऱ्या कोपऱ्यात केला असणार. कागद वाया जाऊ द्यायचा नाही, हा तिचा स्वभाव.

हात कापले. कडा थोड्या आत घेतल्या की झालं. चित्रं लगेच नेटकी दिसायला लागली. तरीही कापलेले तुकडे वेगळे जपून ठेवलेत. कचऱ्यात टाकायला बोट पुढे होईना. का ते सांगता येत नाही.

२२ मार्च

सगळं पाठवलं. माझ्या क्रमानं: खुर्ची, मग खांदा उतरलेली, मग मधली, शेवटी शेंगा. मंडळाचं काम पाहणारे दाढीवाले गृहस्थ आहेत (दाढी त्यांच्या फोटोत, फोटो त्यांच्या प्रत्येक पत्राखाली). त्यांचं तासाभरात उत्तर: 'सर, अप्रतिम! काय प्रवास आहे! आपलं पान पहिल्या दिवशी सर्वांत वर ठेवतो.'

वर म्हणे, मंडळातल्या काहींना आधी दाखवलं तर एक बाई म्हणाल्या, बघता बघता मन उभारी धरतं.

ताईला फोन केला. "सगळ्यांत वर लावणारेत आपल्याला!"

"आपल्याला?" ती म्हणाली. आणि मग, "बरं. बघायला येते."

२६ मार्च

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे, कारण मला ते अजून नीट कळलेलं नाही.

ताई आली, माझ्या खुर्चीत बसली, चष्मा बदलला. बायकोनं चहा आणला आणि ती तिथेच उभी राहिली. मी पान उघडून दिलं.

वर नुसती खुर्ची.

"ही पहिली?" ताईनं विचारलं.

"हो. आधी खुर्ची, मग माणूस. शिकणारा असंच करतो."

ती माझ्याकडे बघेल असं वाटलं, पण बघितलं नाही. बोटानं पान खाली खाली सरकवत राहिली. उतरलेला खांदा. उतरलेला खांदा. मान थोडी वर. चष्मा. ताट. शेंगा.

"आणि ही शेवटची," मी म्हणालो. "सगळ्यांत सफाईदार."

"ही पहिली, अरे. मी राहायला आले त्या आठवड्यातली." तिचा आवाज साधा होता, भाजी कितीला मिळाली ते सांगावं तसा. "उलटं लावलंस सगळं."

मी सिद्धांत सांगायला सुरुवात केली. यंत्राचा हात, माणसाचा खांदा. सांगता सांगताच मला ऐकू येत होतं की ज्या बाईनं आयुष्यभर केसाएवढी रेघ चुकू दिली नाही, तिला मी सांगतोय की तुला खांदा काढता येत नव्हता. तरी वाक्य मध्येच सोडता येईना.

"खांदा खालीच होता," ती म्हणाली. "होता तसा काढला."

"पण मी स्वतः पाहिलंय. दर भेटीत ताठ बसलेली असायची."

"तू यायचास तेव्हा बसायची."

मग तिनं पान परत वर सरकवलं, खांदा उतरलेल्या चित्रांपाशी थांबली, पडद्याच्या अगदी जवळ गेली. "हात कुठंय?"

"तो प्रक्षि... तो मध्येच येत होता. कुणाचा होता तो?"

"माझा. डावा. उजव्यानं काढत होते ना." तिनं हात पुढे करून दाखवला, तळवा वर, कशाला तरी खालून आधार दिल्यासारखा. "सोडला की ती पुढे घसरायची."

बायकोनं कप टेबलावर ठेवला. माझ्या टेबलावर, कागदांवरच.

"पुसून टाकतो सगळं," मी म्हणालो. "आत्ताच पुसतो."

"थांब. पुसू नकोस अजून. एकदा परत वरून दाखव. सावकाश."

मी दाखवलं. रिकामी खुर्ची. मग आई आली, पडलेल्या मानेची. मग मान उचलली. खांदा वर आला. तोंड मिटलं. कुठूनसा चष्मा आला. हातात बळ आलं, ताट आलं, आणि शेंगा सोलत ताठ बसली, अगदी मी पाहिलेली.

ताई हसली का रडली, सांगता येत नाही. मी तिच्या मागे उभा होतो आणि पडद्यात दिसत होतं ते पुसट.

"बरी होत गेली की रे," ती म्हणाली.

थोड्या वेळानं म्हणाली, "आता पूस."

२७ मार्च

स्कॅनर आणि फोल्डर काखोटीला मारून ताईकडे गेलो. तिच्या जेवणाच्या टेबलावर मांडला. ती एकेक चित्र हातात देणार, मी काचेवर ठेवून बटण दाबणार. बास.

चित्र देताना ती दोन शब्द बोले. "डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाचं." "इथपासून चमचा सुटायला लागला." "ह्या दिवशी मला 'बाई, तुम्ही कुठल्या' म्हणाली." "हे तू येऊन गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशीचं." यात आई खुर्चीत जवळजवळ आडवी होती.

"आदल्या दिवशी तर..."

"आदल्या दिवशी सकाळपासून तयारी चाललेली. उश्या मी लावायचे, केस मी करायचे. पण ताठ ती स्वतः बसायची. 'तो आला की मला सांग' म्हणायची. मग दुसरा दिवस असा."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तिनं बजावलं होतं. नंतर कुणाला बजावलं तेही विसरली. पण मी नाही ना विसरले."

मी पुढे काही विचारायला तोंड उघडलं आणि "पुढचं दे" असं म्हणालो.

डाग ठेवले. हात ठेवले. काचेवरचा एक केसही राहिला, माझा. ताई म्हणाली, असू दे, तूही आलास म्हणायचं.

२९ मार्च

दाढीवाल्यांचा फोन. "सर, काही गडबड झालीय का? चित्रं उलटी आलीत."

"आता सुलटी आलीत."

"पण सर, आधीचा क्रम किती आशादायी होता! बघणाऱ्याला वर जायला आवडतं. हे म्हणजे... शेवट रिकामी खुर्ची. पहिल्या दिवशी लोक काय मनात घेऊन जातील? मग मला आपलं पान जरा खाली सरकवावं लागेल."

ताईला विचारलं. ती म्हणाली, "वर जायचं असेल तर त्यांना म्हणावं शिडी घ्या."

मी हे दाढीवाल्यांना सभ्य भाषेत कळवलं. सभ्य भाषेत ते बरंच लांबलं आणि त्यात, ताईनं 'राहू दे तुझंही नाव' म्हटलेलं असूनही, माझं नाव त्यांनी कुठेही घालू नये असं लिहिलं.

४ एप्रिल

पान खुलं होऊन काही दिवस झाले. मंडळाच्या यादीत आम्ही फार खाली आहोत. एका गृहस्थांच्या नव्वद मांजरांच्याही खाली. पान किती वेळा उघडलं गेलं तो आकडा कोपऱ्यात दिसतो. त्यातला बराचसा मीच आहे. हे ताईला सांगितलेलं नाही.

बायकोनं एकदाच पाहिलं, वरपासून खालपर्यंत. 'ह्या वारी गेले होते मी' म्हणून एका चित्रावर बोट ठेवलं. या वेळी वाक्य पुरं होतं.

मी दर वेळी ठरवून उघडतो की क्रमानं बघायचं. आणि दर वेळी खाली पोचलो की बोट आपोआप वर सरकवायला लागतं. बरोबर कुठलं, हे आता मला चोख माहीत आहे. मग हे काय करतोय, ते माहीत नाही.

६ एप्रिल

पानाशी ताडून बघायला म्हणून आणलेली मूळ चित्रं परत द्यायला ताईकडे गेलो. तिनं फोल्डर कपाटात ठेवला आणि "बस" म्हणाली.

मी भिंतीलगतच्या स्टुलाकडे वळलो. "तिथं नाही, उजेडात." खिडकीपाशी वेताच्या खुर्चीवरच्या उश्या तिनं काढून घेतल्या होत्या. मी बसलो. खुर्ची वाटली होती त्यापेक्षा खोल आहे. बसलेलं माणूस आपोआप मागे जातं.

तिनं समोर स्टूल ओढलं, गुडघ्यावर फळी घेतली, फळीवर कोरा कागद. पेन्सिलीला टोक काढलं. वर्षभरानं पेन्सिल हातात घेत होती, पण टोक काढताना हात कुठे अडला नाही.

"मला?" मी म्हणालो. "माझं काय काढायचंय?"

"बोलू नकोस. तोंड हलतं."

मी शर्ट खाली ओढला. केसांवरून हात फिरवला. पाय जुळवले, हनुवटी वर केली. कुणी आपल्याकडे इतका वेळ बघत राहिलं तर डोळे कुठे ठेवायचे, हे मला या वयात कुणी शिकवलेलं नाही. खिडकीबाहेर ठेवले.

पेन्सिल चालू झाल्याचा आवाज येईना. वळून पाहिलं तर ताई फळी धरून नुसती थांबली होती.

"ताठ बसू नकोस रे," ती म्हणाली. "नेहमी बसतोस तसा बस."

मी बराच वेळ प्रयत्न केला. नेहमी मी कसा बसतो, ते मला आठवेना. ताईला घाई नव्हती.